शेपटी आली, याक आला नाही

अजिंठ्याच्या किंवा वेरूळच्या लेण्यात बुद्धमूर्तीसमोर उभे राहिले की सगळे लक्ष मधल्या मूर्तीवर जाते आणि तिच्या दोन बाजूंना उभे असलेले सेवक बघायचे राहून जातात. त्यांच्यातल्या अनेकांच्या हाती चवरी असते. कुणी ती खांद्यावर टाकलेली, कुणी ढाळायला उचललेली. मराठवाड्याच्या काळ्या दगडात दीड हजार वर्षांपूर्वी कोरलेला हा केसांचा झुपका हिमालयापलीकडच्या याक नावाच्या जनावराच्या शेपटीचा आहे. संस्कृत कवींनी या जनावराला चमरी म्हटले. कालिदासाने ‘कुमारसंभवा’च्या पहिल्याच सर्गात हिमालयाचे वर्णन करताना शेपट्या हलवणाऱ्या चमरी आणल्या आणि पर्वतराजाला राजचिन्हाचा मान देऊन टाकला. पुढे ही चवरी राजांकडे राहिली, देवांकडे गेली, पालखीपुढे आली. नांदेडच्या सचखंड हुजूर साहिब गुरुद्वारात गुरू ग्रंथसाहिबावर ढाळला जाणारा चौर याच कुळातला. आता नायलॉनच्या तंतूंच्या चवऱ्या निघाल्या आहेत, तो भाग वेगळा.

म्हणजे याकच्या अंगाचा एक तुकडा बीड-नांदेडच्या मुलखात शतकानुशतके पोहोचत राहिला. हाताहातांतून, बाजाराबाजारांतून, डोंगर आणि नद्या ओलांडून. याकांचे बहुतेक कळप काळे किंवा गडद तपकिरी, त्यामुळे पांढरी शेपटी दुर्मीळ आणि म्हणून मोलाची. पण खुद्द जनावर कधी आले नाही, आणि ते येणारही नव्हते. का, ते त्याच्या शरीरात लिहिलेले आहे.

याकची छाती रुंद असते. आपल्या गाईला बरगड्यांच्या तेरा जोड्या, याकला चौदा किंवा पंधरा. त्या पिंजऱ्यात मोठी फुप्फुसे आणि मोठे हृदय. चार-पाच हजार मीटर उंचीवर, जिथे आपल्याला चार पावले टाकली की धाप लागते, तिथे हे जनावर ओझे घेऊन चढण चढते. सखल भागातली गाय तेवढ्या उंचीवर नेली तर तिच्या फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आकसतात, हृदयावर ताण येतो आणि ती छातीत पाणी भरून मरू शकते. याकच्या रक्तवाहिन्यांनी ही खोड सोडून दिली आहे. अंगावर केसांचे दोन थर: बाहेर लांब राठ केस, पोटाखाली तर जवळजवळ जमिनीला टेकणारे, आत मऊ, दाट लोकर. घाम जवळजवळ नाहीच. उणे चाळीस अंशांची थंडी हा गडी उघड्यावर काढतो, पण तापमान पंधरा अंशांच्या वर गेले की धापा टाकू लागतो. बीडमध्ये पंधरा अंश ही डिसेंबरातल्या पहाटेची गोष्ट. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळिशी गाठतो तेव्हा या प्राण्याचे काय होईल, हे सांगायला पशुवैद्य लागत नाही.

याक आणि गाय एकाच ‘बॉस’ प्रजातीगटातले, चुलत कुळातले. जनुकीय अभ्यासावरून त्यांच्या वाटा सुमारे पन्नास लाख वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या असा अंदाज आहे. तरी दुरावा इतका नाही की संकर होऊ नये. याक आणि गाय यांच्या संकरातला नर तो झो आणि मादी ती झोमो. झो नांगराला आणि ओझ्याला याकपेक्षा सरस, मधल्या उंचीवरचे ऊनही थोडे सोसणारा, पण प्रजननाला असमर्थ. झोमो मात्र विते आणि दूधही भरपूर देते. त्यामुळे झो हवा असेल तर दर पिढीला संकर नव्याने करावा लागतो आणि त्यासाठी शुद्ध याकचा कळप वर कुणीतरी राखावाच लागतो.

रानटी याक अजून जिवंत आहे, ही या कुळातली मोठी दैवाची गोष्ट. पूर्ण वाढलेला रानटी नर हजार किलोपर्यंत जातो, खांद्याशी माणसाच्या डोक्याएवढा उंच. पाळीव याक त्याच्या मानाने बराच लहान आणि पुष्कळ गरीब. अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॅलर यांनी १९९० च्या दशकात तिबेटच्या चांगथांग पठारावर फिरून रानटी याकांची संख्या पंधरा हजारांच्या आसपास असावी असा अंदाज केला होता. आज आंतरराष्ट्रीय यादीत तो असुरक्षित गटात आहे. भारतात लडाखच्या चांगचेनमो खोऱ्यात त्याचे मोजके कळप येऊन-जाऊन असतात आणि वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण त्याला आहे. त्याच्यापुढचे संकट नुसते बंदुकीचे नाही: पाळीव याकांचे कळप त्याच्या कुरणात शिरतात, संकर होतो, रोगही येतात. ज्याला माणसाने रानातून आणले, तोच आता रानातल्या भावाची जागा खातो आहे.

माणसाने याक नेमका कधी पाळला यावर एकमत नाही. जनुकांवरून काढलेला एक अंदाज सात हजारांहून अधिक वर्षे मागे जातो; तिबेटमधल्या बांग्गा येथील उत्खननात मिळालेल्या हाडांच्या प्राचीन डीएनएवरून मात्र अडीच हजार वर्षांपूर्वी तिथे पाळीव याक होता एवढे ठामपणे म्हणता येते. मधली पोकळी भरायला अजून हाडे हवीत.

पाळला, आणि मग त्याचे काहीही वाया जाऊ दिले नाही. दूध थोडे, पण घट्ट. त्यातल्या सहा-सात टक्के स्निग्धांशामुळे लोणी मुबलक. ते लोणी चहात पडते, दिव्यात जळते, मठातल्या मूर्तींना आकार देते. ताक आटवून, गाळून, वाळवून केलेली छुर्पी दगडासारखी टणक होते आणि चालता चालता तासभर गालात धरता येते. अरुणाचल प्रदेशातल्या याक छुर्पीला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. राठ केसांचे दोर आणि काळे तंबू, मऊ लोकरीची कापडे, कातड्याचे जोडे आणि पिशव्या. झाड नसलेल्या पठारावर सरपण कुठून आणायचे? शेण वाळवायचे. चूल त्याच्यावर, ऊब त्याच्यावर. पाठीवर साठ-सत्तर किलो ओझे. मांस थंडीत आपोआप सुकते. आणि शेवटी शेपटी, जी पार अजिंठ्यापर्यंत आली.

अरुणाचलातल्या तवांग आणि पश्चिम कामेंग भागातले ब्रोक्पा पशुपालक उन्हाळ्यात कळप घेऊन उंच कुरणांवर चढतात आणि थंडी सुरू झाली की खाली उतरतात. याच भागात दिरांग येथे १९८९ मध्ये याकसाठी राष्ट्रीय संशोधन केंद्र स्थापन झाले. एवढे होऊनही देशातली याकांची संख्या घसरतेच आहे: २०१२ च्या पशुगणनेत सत्त्याहत्तर हजार, २०१९ च्या गणनेत अठ्ठावन्न हजार. सात वर्षांत चौथा हिस्सा गेला. रस्ता झाला की ओझे ट्रकवर जाते, गॅस आला की शेणाची किंमत उतरते, आणि वर्षातले कित्येक महिने तंबूत राहायला पुढची पिढी राजी नसते. २०२२ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने याकला अन्नप्राणी म्हणून मान्यता दिली, ती याच घसरणीवर तोड म्हणून. याक राखायचा तर त्याचे मांस आणि दूध बाजारात विकता आले पाहिजे, हा त्यामागचा हिशेब. ऐकायला विचित्र वाटेल, पण पाळीव जनावराच्या बाबतीत हाच हिशेब बहुतेक वेळा खरा असतो. त्याला काम असेल, तर त्याला दावण असते.

हे वाक्य बीड जिल्ह्यात आणून तपासू.

बालाघाटच्या डोंगरपठारावर याकची जागा बैलाने घेतलेली आहे. परळीपासून कंधार, मुखेड, अहमदपूरपर्यंतचा पट्टा लाल कंधारी या देशी गोवंशाचे माहेर मानला जातो. तिचा रंग गडद तांबडा, काही नरांत तर जवळजवळ काळपट. बांधा मध्यम, कपाळ रुंद, कान लांब. कंधारच्या सोमदेवराय राजाने चौथ्या शतकात हा वंश जोपासला अशी आख्यायिका सांगतात. आख्यायिका म्हणूनच ती घ्यावी. या गाईचे एका वेताचे दूध सरासरी सहाशे किलोच्या आसपास. होल्स्टीनवाल्याला हसू येईल. पण ही गाय दुधासाठी घडवलेलीच नाही, तिच्या पोटी बैल यावा म्हणून ती राखली गेली. याकच्या शरीरात थंडी लिहिली आहे तसे हिच्या शरीरात ऊन: आखूड चकचकीत केस, सैल कातडी, गळ्याखाली लोंबणारी पोळी, भरपूर घर्मग्रंथी, आणि कडब्यावर दिवस काढणारे पोट. शेजारच्या लातूर-उदगीर भागातली देवणी जरा दुधाळ, तिच्यात वानेरा, बालंक्या, शेवरा असे रंगांवरून पडलेले भेद. शिवाय लांब शिंगांची मराठवाडी म्हैस. पावसाचे मान सातशे मिलिमीटरच्या आतबाहेर, तेही बेभरवशाचे. आष्टी-पाटोदा-शिरूरकडे आणखी कमी. अशा मुलखात कमी खाऊन टिकणे हाच मोठा गुण.

बैलाचा रानटी पूर्वज मात्र कुठेच उरलेला नाही. ऑरॉक्स नावाचा हा रानबैल आशियात आणि युरोपात पसरलेला होता. त्याची भारतीय जात नर्मदेच्या खोऱ्यातल्या जीवाश्मांवरून ओळखली गेली. ती केव्हाच नाहीशी झाली, आणि युरोपातली शेवटची मादी १६२७ मध्ये पोलंडच्या एका राखीव जंगलात मेली. आपण सह्याद्रीत दाजीपूर-राधानगरीला जो गवा बघतो तो गाईचा पूर्वज नव्हे, कुळातला दुसराच भाऊ. वशिंडाचा बैल सिंधूच्या पश्चिमेला, बलुचिस्तानातल्या मेहरगढच्या परिसरात, आठ हजार वर्षांपूर्वीच्या सुमारास पाळीव झाला असे पुरावे सांगतात. तिथून तो दख्खनला आला.

आणि आला तेव्हा काय दिमाखात आला! १९७४ साली अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात प्रवरेकाठच्या दायमाबादला छबू लक्ष्मण भिल या गावकऱ्याला जमीन खणताना चार कांस्यमूर्ती सापडल्या: हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांची जोडी जुंपलेला दुचाकी रथ, त्यात उभा राहून हाकणारा माणूस. उत्तर-हडप्पा काळातल्या मानल्या जाणाऱ्या या मूर्ती म्हणजे सुमारे साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वी गोदावरी-प्रवरेच्या खोऱ्यात जू, जोडी आणि हाकणारा ही त्रयी जमली होती याची साक्ष. गोदावरी पुढे बीड जिल्ह्याची उत्तर सीमा आखत जाते. आज माजलगाव-गेवराईकडच्या रस्त्यावर संध्याकाळी परतणारी गाडी पाहिली की त्या रथातली मांडणी तशीच दिसते. चाके तेवढी लाकडाची जाऊन रबराची झाली.

पन्नास वर्षांपूर्वी या बैलाच्या कामांची यादी याकइतकीच लांब होती. नांगर, वखर, पाभर, कोळपे. मोट. खळ्यावरची पात. लग्नाची गाडी, बाजाराची गाडी, शेणखताची गाडी. ओल्या शेणाचा सडा, वाळल्याच्या गोवऱ्या, उरलेल्याचे खत. मेल्यावर कातड्याची मोट, नाडे, वादी, चाबूक. शेत, घर आणि गावातले चांभार-सुतार-लोहार असे सगळे त्याच्या पाठीवर उभे होते. मोट विजेच्या पंपाने संपवली. नांगरट ट्रॅक्टरने नेली, मळणी यंत्राने. मुंबईची गिरणी जसे एकेक खाते बंद करत गेली तशी ही यादी आटली. २०१२ ते २०१९ या काळात देशातला नर गोवंश तीस टक्क्यांच्या आसपास घटला, म्हणजे याकपेक्षाही वेगाने. त्याची बातमी मात्र फारशी झाली नाही, कारण गाईंची संख्या वाढत होती आणि बेरजेत ते झाकले गेले.

नेकनूर, हिरापूरसारख्या जनावरांच्या बाजारांत हा बदल भावात दिसतो. बैलाचे वय दातांवर: दुधाच्या दातांचा आदत, मग दोन दाती, चार दाती, सहा दाती, आणि सगळे दात आलेला जुळलेला. सौदा अजूनही कुठे कुठे रुमालाखाली, बोटांवर. पूर्वी शेतकरी जुळलेला बैल विकून त्यात थोडी भर घालून आदत गोऱ्हा घेई, म्हणजे जुन्याची किंमत नव्याचे भांडवल होती. २०१५ मध्ये राज्यात बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली आणि त्या भांडवलाचा झरा आटला. बंदी बरी की वाईट हा वाद मी इथे काढत नाही. पण म्हाताऱ्या बैलाला गिऱ्हाईक नाही म्हणून गोऱ्हा पाळायचाच नाही, असा निर्णय अनेक दावणींवर झाला, आणि तो भावनेने नव्हे, हिशेबाने झाला.

मग बीडमध्ये बैल उरला कसा? उसामुळे, आणि तोही बीडच्या उसामुळे कमी, परक्या उसामुळे जास्त.

दसरा-दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातून लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असते, ती हंगामभर फेडायची. डोकी सेंटरवाले मोळ्या डोक्यावरून ट्रकपर्यंत वाहतात. टायर सेंटर किंवा गाडी सेंटरवाले बैलजोडी घेऊन जातात आणि तोडलेला ऊस गाडीने थेट कारखान्यावर पोहोचवतात. जोडी असलेल्या कोयत्याला उचल जास्त, कारण तोडणीबरोबर वाहतुकीचेही पैसे मिळतात. अनेकदा जोडी घेतलेलीच असते उचलीच्या रकमेतून, आणि तिची किंमत लाखाच्या घरात. म्हणजे बैल दावणीला येतो तो कर्ज होऊनच.

काम निर्दय आहे. दोन-तीन टनांची गाडी, सरीतून निघणारी ओली वाट, मग डांबरी सडक. डांबरावर खूर झिजतो म्हणून पत्र्या माराव्या लागतात. उतारावर सारा भार मानेवर आणि खांद्यावर येतो. खांदा सुजला, सोलवटला की गडी म्हणतात ‘खांदा आला’, आणि तरीही दुसऱ्या दिवशी जू चढतेच, कारण जोडी थांबली तर कोयता थांबतो. इस्लामपूरच्या राजारामबापू तंत्रज्ञान संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी २०२२ मध्ये गाडीच्या पुढच्या बाजूला, दोन बैलांच्या मधोमध, फिरणारे आधारचाक बसवले आणि त्याला ‘सारथी’ नाव दिले. जूवरचा बराच भार त्या चाकावर उतरतो. चार हजार वर्षांच्या गाडीत झालेली ही सुधारणा साधी, आणि इतक्या उशिरा सुचावी याचे नवल वाटते. बहुधा जूखाली आपला खांदा नसला की घाई नसते.

पण या स्थलांतराला दुसरी बाजू आहे आणि ती चाऱ्याची. ऊस तोडला की शेंड्याची हिरवी पाने उरतात, ती वाढे. तोडणारा त्यातले आपल्या बैलांना घालतो, उरलेले बांधून आसपासच्या दूधवाल्यांना विकतो. बीडमध्ये जेव्हा कडब्याची पेंढी सोन्याच्या भावाने जात असते त्या चार-पाच महिन्यांत बैल कोल्हापूर-सांगली-सोलापूरकडच्या फडात हिरवे खात असतो. घरी परततो तो पाडव्याच्या आसपास, आणि मग मृगापर्यंतचे दोन-अडीच महिनेच त्याला शिलकीच्या सरमाडावर काढायचे असतात. मुकादम, उचल, कोपीतले जिणे, शाळा बुडालेली पोरे हे सगळे बाजूला ठेवून नुसत्या बैलाच्या नजरेने पाहिले, तर ही ब्रोक्प्यांच्या वर-खाली जाण्यासारखीच मोसमी चाल आहे. ते उंची बदलून चारा गाठतात, बीडचा गाडीवान जिल्हा बदलून. बाजूला ठेवता येत नाही हेही खरेच.

चाल चुकली की काय होते, ते २०१९ च्या उन्हाळ्यात दोन्ही टोकांना दिसले. उत्तर सिक्कीममध्ये, मुगुथांगच्या बाजूला, बर्फ नेहमीपेक्षा फार काळ टिकला आणि कुरणे गाडली गेली. सुमारे तीनशे याक उपाशी मेले. त्याच महिन्यांत बीडमध्ये दुष्काळ होता. २०१८ चा पाऊस दगा देऊन गेलेला. जिल्ह्यात शेकडो चारा छावण्या उघडल्या आणि लाखो जनावरे तिथे बांधली गेली. छावणीत जनावराबरोबर घरातले एक माणूस मुक्कामाला. मोठ्याला इतका चारा, वासराला इतका, असे सरकारी माप. आणि चारा बहुतेक ऊसच. साखरेचा ऊस छावणीत चघळला जात होता. तिकडे बर्फाने गवत झाकले, इकडे उन्हाने जाळले, आणि दोन्हीकडे जनावर मरते ते थंडीने किंवा उन्हाने नव्हे. ती दोन्ही सोसायची तयारी त्याच्या अंगात आहे. मरते ते पोटाने.

त्याच वर्षी शिरूर कासार तालुक्यातल्या दहिवंडीच्या सय्यद शब्बीर यांना पद्मश्री मिळाली. शब्बीर मामू म्हणून पंचक्रोशीत ओळख. शंभरावर गाई-बैल सांभाळणारा हा माणूस दूध विकत नाही आणि कत्तलीसाठी जनावर देत नाही. बैल द्यायचाच तर शेतकऱ्याला, आणि आजारी पडला किंवा म्हातारा झाला तर परत आणून बांधायचा या अटीवर. घर चालते शेणखताच्या विक्रीवर. याकच्या शेणाने तिबेटी चूल पेटते. दहिवंडीत शेणाच्या पैशावर विकतच्या तेलमिठापर्यंत सगळी चूल चालते. हा अपवाद आहे, आणि पद्मश्री अपवादालाच द्यायची असते. पण दुधाशिवाय आणि मांसाशिवाय गोठा उभा राहू शकतो का, या प्रश्नाला इथे निदान एक उत्तर चालत्या-बोलत्या रूपात आहे.

बाकीच्या दावणींचे उत्तर उसाच्या फडात ठरेल. तोडणीयंत्रे येत आहेत, सरकार त्यांना अनुदान देते, आणि यंत्राने तोडलेला ऊस तुकडे होऊन थेट ट्रॉलीत पडतो. तिथे मोळी नाही, वाढे बांधणारा नाही, गाडीही नाही. लहान वाफ्यांच्या, आडवळणाच्या रानांत यंत्र सहज शिरत नाही, म्हणून टायरगाडी अजून काही हंगाम तग धरेल. पण गोठ्याकडचा बदल त्याच्याही पुढे गेलेला आहे. कृत्रिम रेतनासाठी आता लिंगनिश्चित वीर्यमात्रा मिळतात. त्या वापरल्या की दहातली नऊ वासरे कालवडी होतात, आणि राष्ट्रीय गोकुळ अभियानात त्यांचा प्रसार केला जातो. दूधवाल्याला हे वरदान. लाल कंधारीला मात्र गोऱ्ह्यासाठी घडवले होते, आणि परळीच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गाय घेऊन आलेल्या शेतकऱ्याला कालवड हवी की चालेल ते, एवढे विचारले की तो बहुतेक वेळा कालवडच म्हणेल.